पिवळा रंग

नऊशे पौंडांच्या, तो म्हणाला,
पदार्थ पुढ्यात येण्याआधीच
कुणी जास्तीचं तिखट मागावं तसं.
गेथिन प्रॉसर. बँगरचा दातांचा डॉक्टर.
गाडी बुटकी, हिरवी, जेमतेम साडेसातशे किलोची,
आणि तिच्या चार पायांशी त्याला हव्या होत्या
मालट्रकला शोभतील अशा स्प्रिंगा.

बसा, म्हटलं. चहा घ्या.
बाहेर स्लेटच्या ढिगांवरून धुकं उतरत होतं,
माकसेन एक जुना डॅम्पर उघडून बसला होता.
आत असतं काय? तेल,
आणि कागदासारख्या पातळ पोलादी चकत्या,
मोठीवर लहान, लहानीवर आणखी लहान,
रचलेल्या लगोरीसारख्या.

स्प्रिंग काही विसरत नाही, मी सांगितलं.
जेवढं दाबाल तेवढं परत करते,
व्याज नाही, पण सूटही नाही.
विसरायचं काम या तेलाचं.
चकत्यांच्या फटीतून जाताना ते तापतं,
आणि खड्ड्याचा राग
नुसती ऊब होऊन हवेत जातो.

त्याला ऊब नको होती. वेळ हवा होता.
एक मिनिट त्रेपन्न.
तळहातावर बॉलपेननं लिहूनच आला होता.

बसवल्या. गिऱ्हाइकाचे पैसे, गिऱ्हाइकाची पाठ.
एप्रिलात मोन बेटावर, समुद्रालगतच्या त्या ट्रॅकवर
गाडी हातातून निसटलेल्या ताटासारखी
वाजत, थरथरत गेली.
उतारावरच्या डाव्या वळणात
चाक डांबरावर नव्हतंच,
डांबराच्या बोटभर वर होतं, रुसल्यासारखं.
एक मिनिट सत्तावन्न.
हेल्मेट काढून, मान चोळत त्यानं विचारलं:
अजून कडक मिळतात का?

दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात.
मी वीट शोधायला लागले.

आता कबूल करते.
त्या रात्री शटर ओढून मी स्प्रिंगा बदलल्या.
पुढे चारशे, मागे पावणेपाचशे.
त्याच्या पिवळ्या होत्या, म्हणून यांनाही
पिवळ्या रंगाचे दोन हात दिले;
खालच्या वेढ्यावरचा आकडा रंगाखाली गेला.
मग डॅम्पर खोलले. उसळी रोखणाऱ्या लगोरीतून
दोन चकत्या काढून घेतल्या,
म्हणजे चाकाला वेळेत खाली यायला मिळेल,
उशिरा घरी परतणाऱ्या पोरासारखं
दारात अडकून राहायला नको.
रंग वाळेपर्यंत रेडिओ ऐकत बसले:
आयरिश समुद्र, पश्चिमेचं वारं, सहा ते सात.

बिलात मात्र खरं तेच लिहिलं.
बारीक अक्षरात. बिल कोण वाचतं?

मे महिन्यात एक मिनिट बावन्न पूर्णांक आठ.
गाडी वळणात अशी बसली
की बांधावरच्या मेंढीनंही मान वर केली नाही.
तो उतरला तो नाचतच.
बघितलंत? कडक ते कडकच!
मी समुद्राकडे बघत राहिले.
माकसेनला एकाएकी खोकला आला,
तो व्हॅनच्या मागे गेला आणि बराच वेळ तिथेच खोकला.

नोव्हेंबरात फोन.
कराचे कागद लावत होता.
चारशे? त्यानं विचारलं.
चारशे, मी म्हटलं.
पलीकडे काहीच नाही. पाण्याचा नळ चालू असावा.
स्प्रिंग दाबून धरली की असंच वाटतं,
आता किती परत येणार ते कळत नाही.

मग म्हणाला: मीही करतो हे.
घाबरलेल्या माणसाला सांगतो,
अजून सुरुवातच केली नाही,
आणि सुई केव्हाच आत गेलेली असते.

मी काही बोलले नाही.
ठेवता ठेवता त्यानं विचारलं,
पावसात काय करायचं?

मागच्या डॅम्परचं बटण, म्हटलं, तीन क्लिक सैल.
खरंच तीन? तो म्हणाला.

मोजून बघा.